मोटरहोममधला वास: उदबत्ती विझवा, आधी ओल शोधा

प्रश्न: ताई, आम्ही ओहायोमध्ये कोलंबसजवळ राहतो. गेल्या ऑक्टोबरात एका वयस्कर जोडप्याकडून २००७ सालचं, २६ फुटी मोटरहोम घेतलं. ड्रायव्हरच्या डोक्यावर पलंग असतो ना, तसलं. बघायला गेलो तेव्हा खिडक्या सताड उघड्या होत्या आणि आत लिंबाचा छान सुवास येत होता. हिवाळाभर ते घराशेजारी उभं होतं. एप्रिलमध्ये दार उघडलं तर असा भपकारा आला की मी पायरीवरूनच मागे फिरले. कुबट वास तर आहेच, शिवाय बाथरूममध्ये गटाराचा, गरम पाण्याला सडक्या अंड्यांचा आणि हीटर लावला की मुतासारखा. बेकिंग सोड्याच्या वाट्या ठेवल्या, कॉफी ठेवली, कापूर ठेवला, फवारे मारले, आता रोज उदबत्ती लावते. दोन तास बरं वाटतं, मग पुन्हा तेच. नवरा म्हणतो, ओझोनचं मशीन भाड्याने आणू, एका रात्रीत काम होईल. जूनअखेर सांगलीहून माझे आई-बाबा येतायत. त्यांना यलोस्टोन नॅशनल पार्क दाखवायचं आहे आणि बाबांना दमा आहे. काय करू? विकून टाकू का?

उत्तर: खिडक्या सताड उघड्या आणि आत लिंबाचा सुवास, हे वाचलं आणि मला आमचं पहिलं मोटरहोम आठवलं. तेही असंच सुगंधात न्हाऊन आमच्यासमोर उभं राहिलं होतं. आम्ही खूश होऊन पैसे मोजले आणि पुढचा सगळा उन्हाळा त्या सुगंधाखाली काय दडलंय ते उकरण्यात गेला. त्यामुळे तुमचा वैताग मला अगदी आतून कळतो. विकायचं की नाही हे मात्र आज ठरवू नका. तुमच्या पत्रात एक नाही, चार वेगवेगळे वास आहेत. त्यातले तीन थोडक्या पैशांत आणि थोड्या घामात जातील. चौथा, म्हणजे तो कुबट वास, गाडी ठेवायची की नाही ते सांगेल.

आधी उदबत्ती, कापूर, कॉफी आणि फवारे सगळं बाहेर काढा. त्यांनी वास जात नाही, त्याच्यावर पांघरूण पडतं आणि तो शोधायचं तुमचं एकुलतं एक साधन, म्हणजे नाक, बधिर होतं. आत हवा जेमतेम एका खोलीएवढी. तिच्यात रोज धूर करणं दम्याच्या माणसासाठी वाईटच. फवाऱ्यांच्या डब्यांत बऱ्याचदा प्रोपेन किंवा ब्यूटेन भरलेला असतो. त्याने जमिनीलगतचा गॅसचा अलार्म उगीचच वाजतो, मग माणसं कंटाळून तो अलार्मच काढून ठेवतात. तुम्ही तसं केलं असेल तर आजच परत जोडा आणि त्याच्या मागची तारीख बघा. या अलार्मचं आयुष्य पाच ते सात वर्षांचं असतं. २००७ सालचा मूळचाच लटकत असेल तर तो शोभेचा आहे, नवा बसवा.

आता वास हुंगायची रीत सांगते. उन्हाचा दिवस बघून खिडक्या, दारं आणि छतावरचे झरोके घट्ट बंद करा आणि गाडी दिवसभर तापू द्या. दुपारी दार उघडून आत गेल्यावर पहिलं अर्धं मिनिट तेवढं कामाचं असतं, पुढे नाक सरावतं. म्हणून एका फेरीत एकच जागा. सिंकखालचं कपाट हुंगा, बाहेर या, कागदावर लिहा, पाच मिनिटं मोकळ्या हवेत थांबा, मग पुढची जागा. त्या वासाची सवय नसलेलं माणूस सोबत असेल तर फारच उत्तम. आमच्याकडे हे काम माझ्या लेकीने केलं, तेव्हा ती नऊ वर्षांची होती. पुढच्या पलंगाच्या कोपऱ्यात डोकं घालून ती म्हणाली, "आई, इथे आजीच्या माळ्यासारखा वास येतोय." मी गादी उचलली. खालच्या फळीचा कोपरा चहाच्या डागासारखा तपकिरी झाला होता. त्यावर अंगठा दाबला तर चहात बुडवलेल्या बिस्किटासारखा आत गेला. विकणाऱ्याने त्यावर नवी कोरी चादर घातली होती.

गाद्या, उशा, पडदे यांच्यासाठी वेगळी युक्ती आहे. प्रत्येक वस्तू कचऱ्याच्या मोठ्या काळ्या पिशवीत घालून तोंड घट्ट बांधा, दिवसभर उन्हात ठेवा आणि संध्याकाळी पिशवी उघडून हुंगा. गादीतच वास असेल तर पिशवी लगेच चुगली करते. पिशवी स्वच्छ निघाली तर गादी निर्दोष आहे, वास भिंतीत आहे. एवढ्या साध्या परीक्षेने आमचे नव्या फोमचे शे-दोनशे डॉलर वाचले.

हे सगळं करण्याआधी एक काळजीची गोष्ट. तुम्ही सडक्या अंड्यांचा वास लिहिलाय. मोटरहोममध्ये हा वास तीन ठिकाणांहून येऊ शकतो आणि त्यातल्या दोन जागी धोका आहे. शेगडी आणि फ्रीज ज्या गॅसवर चालतात त्या प्रोपेनला स्वतःचा वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात मर्कॅप्टन नावाचं दुर्गंधी द्रव्य मुद्दाम मिसळतात. हवेपेक्षा जड असल्यामुळे प्रोपेन खाली साचतो. तेव्हा नळ बंद असताना, जमिनीलगत, शेगडीपाशी किंवा फ्रीजपाशी तो वास आला तर दिव्याचं बटणसुद्धा दाबू नका. सगळ्यांना घेऊन बाहेर पडा, बाहेरून टाकीचा कॉक बंद करा आणि जाणकाराकडून सगळी जोडणी तपासून घेतल्याशिवाय तो उघडू नका. दुसरी जागा बॅटरी. चार्जर बिघडून जुनी लेड-ॲसिड बॅटरी जास्त चार्ज होत राहिली की तिलाही अंड्यांचा वास सुटतो, ती गरम लागते, फुगते. चार्जिंग तोडा, ती गार होऊ द्या आणि बदलून टाका.

तुमच्याकडे फक्त गरम पाण्याला वास येतोय, म्हणजे बहुधा तिसरी, बिनधोक जागा आहे, वॉटर हीटरची टाकी. काही हीटरच्या पोलादी टाकीत गंज धरू नये म्हणून मॅग्नेशियमची कांडी असते. ती स्वतः झिजते आणि टाकीला वाचवते. महिनोन्महिने पाणी साचून राहिलं की त्यात विशिष्ट जिवाणू वाढतात, मॅग्नेशियममुळे त्यांचं आणखी फावतं आणि ते हायड्रोजन सल्फाइड सोडतात. हीटर बंद करून पाणी पूर्ण गार होऊ द्या, पंप बंद करा, गरम पाण्याचा नळ उघडून दाब घालवा, मग ती कांडी काढून टाकी रिकामी करा. आतून पांढरा खरपुडा आणि काळपट गाळ निघेल, तो पाण्याच्या जोरदार धारेने धुऊन काढा. कांडी पाऊण झिजली असेल तर नवी घाला आणि ती ॲल्युमिनियम-जस्ताची घेतली तर वास परत यायची शक्यता कमी होते. ज्यांच्या हीटरची टाकीच ॲल्युमिनियमची असते, त्यांच्याकडे कांडी नसते. त्यांनी फक्त धुवायचं.

त्याच दिवशी पिण्याच्या पाण्याची टाकीही शुद्ध करून घ्या. दर पंधरा गॅलनला पाव कप सुगंध न घातलेलं साधं ब्लीच बादलीभर पाण्यात मिसळून टाकीत घाला आणि टाकी भरा. प्रत्येक नळ, गरमसुद्धा, ब्लीचचा वास येईपर्यंत सोडा. बारा तास तसंच राहू द्या, मग सगळं काढून स्वच्छ पाण्याने दोन-तीनदा धुवा. ब्लीचचं काम चाललं असेल त्या दिवशी व्हिनेगर आणि अमोनियाची क्लीनर गाडीत आणूच नका. ते एकत्र आले की विषारी वायू होतो आणि आत पळायला जागा नसते.

अमोनियावरून आठवलं, कधी डोळ्यांना झोंबणारा उग्र वास फ्रीजच्या बाजूने आला तर तो कुजलेल्या भाजीचा समजू नका. गॅसवर चालणाऱ्या या फ्रीजमध्ये अमोनियाचं द्रावण असतं. बाहेरच्या बाजूची जाळी उघडून नळ्यांवर पिवळी पूड दिसली तर फ्रीज फुटलाय. तो बंद करायचा, खिडक्या उघडायच्या आणि बाहेर यायचं.

आता बाथरूमचा वास. यावर घराघरात संकोच असतो, म्हणून मी सविस्तरच लिहिते. मोटरहोमच्या पोटात दोन टाक्या असतात. सिंक आणि शॉवरचं पाणी ग्रे टँकमध्ये जातं, टॉयलेटचं ब्लॅक टँकमध्ये. दोन्हींचा वायू पाइपातून छतावर निघून जातो. तो आत येऊ नये म्हणून सिंक आणि शॉवरखाली वाकड्या पाइपात थोडं पाणी कायम साचलेलं असतं. हिवाळाभर बंद गाडीत ते पाणी उडून जातं आणि टाकीची हवा सरळ घरात येते. तुमच्या बाबतीत पहिला संशय मला याचाच आहे. प्रत्येक सिंकमध्ये आणि शॉवरमध्ये तांब्याभर पाणी ओता आणि रात्रभर थांबा. अर्धे प्रश्न इथेच मिटतात. पुढच्या हिवाळ्यात गाडी बंद करताना तिथे पाण्याऐवजी आरव्हीचं, म्हणजे अशा राहायच्या गाड्यांसाठीचं, गुलाबी अँटीफ्रीझ घाला. ते गोठून पाइप फोडत नाही आणि लवकर उडूनही जात नाही.

पाणी ओतूनही वास राहिला तर सिंकखाली टॉर्च मारा. पाइपाच्या वरच्या टोकाला लिंबाएवढी, प्लास्टिकची काळी किंवा पांढरी टोपी दिसेल. पाणी जाताना ती हवा आत घेते आणि लगेच मिटते. पंधरा-सोळा वर्षांत तिच्यातलं रबर कडक होतं, ती अर्धवट उघडीच राहते आणि सिंकखालचं कपाट गटारासारखं वास मारायला लागतं. हाताने फिरवून निघते. हार्डवेअरच्या दुकानात दहा डॉलरच्या आत नवी मिळते. पाइप आणि टाक्या बदलायचा खर्च सांगणारा मेकॅनिक भेटला तर आधी ही टोपी बदलून बघा.

मग टॉयलेट. भांड्यात थोडं पाणी ठेवून झोपा. सकाळी ते पाणी नाहीसं झालं असेल तर तळाच्या झडपेभोवतीचं रबर गेलंय. कधी रबर चांगलं असतं, फक्त कागदाचा तुकडा अडकलेला असतो. हातमोजे घालून, झडप उघडी धरून, जुन्या टूथब्रशने रबराची खाच सगळीकडून घासा. एवढं करूनही पाणी उतरलं तर रबर बदला.

एक सवय फार जणांना माहीत नसते. बाथरूमच्या छतावरचा पंखा चालू असताना फ्लश करू नका. पंखा आतली हवा बाहेर ओढतो. खिडक्या बंद असतील तर बदली हवा कुठून येणार? झडप उघडली की ती ब्लॅक टँकमधूनच वर येते, थेट तोंडावर. आधी पंखा बंद करा, फ्लश करा, झडप मिटू द्या, मग पंखा लावा. नाहीतर एखादी खिडकी चांगली उघडी ठेवा. आम्ही दोन वर्षं टाकीत महागडी औषधं ओतत होतो आणि आमचा दोष होता तो एवढाच.

टाकीचंही बघायला हवं. आधीच्या मालकांनी कॅम्पग्राउंडवर उभं असताना ब्लॅक टँकचा बाहेरचा व्हॉल्व्ह उघडा ठेवायची सवय लावलेली असली तर पाणी वाहून जातं आणि घट्ट भाग तळाशी थिजून बसतो. तो कुजत राहतो, सेन्सरही खोटी पातळी दाखवायला लागतात. टाकी दोन-तृतीयांश पाण्याने भरा, एन्झाइमचं औषध घाला, रात्रभर राहू द्या, गाडी तासभर रस्त्यावर फिरवा आणि डम्प स्टेशनवर, म्हणजे सांडपाणी सोडायच्या ठरलेल्या जागी, रिकामी करा. निघणारं पाणी निर्मळ होईपर्यंत दोन-तीनदा हेच. पुढे व्हॉल्व्ह नेहमी बंद ठेवा, फ्लशला हात आखडता घेऊ नका आणि टाकी दोन-तृतीयांश भरली की एकदम सोडा, आधी ब्लॅक टँक, मागाहून ग्रे. फॉर्मल्डिहाइडवाली जुनी औषधं वापरू नका. कॅम्पग्राउंडच्या सेप्टिक टँकमधले उपयोगी जिवाणू त्याने मरतात. वर चढलात की छतावरच्या वायुपाइपाचं टोपणही बघून घ्या. आमच्या टोपणात चिमणीने घरटं केलं होतं, त्यामुळे वायूला वर वाटच नव्हती.

हीटर लावला की येणारा मुतासारखा वास म्हणजे उंदीर, असं मी जवळजवळ खात्रीने सांगते. ओहायोचा हिवाळा, बंद गाडी, मऊ इन्सुलेशन, त्यांना आणखी काय हवं? घरटं हीटरच्या गरम हवेच्या नळीत किंवा तिच्याजवळ असणार. मात्र तिथे हात घालण्याआधी हे नीट वाचा. उंदरांच्या लेंड्या आणि मूत वाळून त्याची धूळ श्वासात गेली तर हँटाव्हायरसची लागण होऊ शकते. ती क्वचित होते, पण झाली तर जीवावर बेतते. म्हणून झाडू नाही, व्हॅक्यूम नाही. आधी दारं-खिडक्या उघडून अर्धा तास गाडीबाहेर थांबा. हातमोजे आणि एन-९५ मास्क घाला. एक भाग ब्लीच आणि नऊ भाग पाणी त्या जागी भरपूर शिंपडा, पाच मिनिटं मुरू द्या, मग पेपर टॉवेलने उचला आणि दोन पिशव्यांत बांधून टाका. त्याच पाण्याने जागा पुसून घ्या. भिजलेलं इन्सुलेशन धुऊन वाचवायच्या भानगडीत पडू नका, कापून काढा. कुरतडलेल्या नळीचा तुकडा बदला. शेवटी गाडीखाली पाठीवर झोपून, जिथे जिथे पाइप आणि वायरी आत शिरतात तिथली भोकं स्टीलच्या काथ्याने आणि सीलंटने बुजवा. उंदराला बोटभर फटसुद्धा पुरते.

कुत्र्या-मांजराचं मूत मात्र ब्लीचने जात नाही. त्यातले युरिक ॲसिडचे खडे तसेच राहतात आणि दमट दिवशी पुन्हा वास सोडतात. त्याला एन्झाइमचं क्लीनर लागतं, तेही वरवर फवारून नाही, मूत जितकं खोल गेलं तितकं भिजेल एवढं. खरं सांगायचं तर जुना कार्पेट असेल तर उपटून टाका आणि व्हिनाइलची फरशी घाला. आम्हाला या एका कामाचा जितका फायदा झाला तितका कुठल्याच बाटलीचा झाला नाही. भिंत ओल्या फडक्याने पुसून बघा. फडकं पिवळं झालं तर आधीचे मालक आत सिगारेट ओढत होते. मग छतासकट सगळं साबणाच्या पाण्याने दोनदा पुसायचं, पडदे बदलायचे.

आता तो कुबट वास. बाकीचे सगळे वास उरले तरी हा उरता कामा नये, कारण हा बाबांच्या छातीत जाणार आहे. कुबट वास म्हणजे बुरशी, बुरशी म्हणजे ओल आणि ओल म्हणजे कुठून तरी पाणी आत येतंय. तुमच्या पद्धतीच्या मोटरहोमचं सर्वांत दुबळं ठिकाण म्हणजे ड्रायव्हरवरचा पलंग. तिथे पुढचा भाग, छत आणि बाजूच्या भिंती यांचे सगळे सांधे एकत्र येतात, पुढे लहान नारिंगी दिवे बसवलेले असतात, कधी खिडकीही असते. रस्त्यावरचा वारा आणि पाऊस थेट त्यावर आपटतो. यातल्या बऱ्याच गाड्यांचा सांगाडा लाकडी काड्यांचा, आत फोम आणि दोन्हीकडून पातळ प्लाय. पाणी एकदा शिरलं की ते बाहेर दिसत नाही, आतल्या आत पसरत राहतं.

तीस-चाळीस डॉलरचं ओल मोजायचं यंत्र आणा, दोन सुया असलेलं. पलंगाचे कोपरे, प्रत्येक खिडकीच्या खालची भिंत, छतावरच्या झरोक्यांभोवतीचं छत, शॉवरमागची भिंत, मागचे खालचे कोपरे, सगळीकडे टोचून आकडे लिहा. १५ टक्क्यांच्या आत असेल तर लाकूड कोरडं आहे. २० च्या वर गेलं तर तिथे पाणी येतंय. अंगठ्याने दाबून बघा. टणक आहे की बिस्किटासारखं, यातच पुढची सगळी कहाणी आहे. बाहेरून भिंतीच्या पृष्ठभागावर फोड आल्यासारखा फुगवटा दिसतोय का तेही उन्हाच्या तिरप्या प्रकाशात बघा.

क्रम कधीही उलटा करू नका: आधी गळती बंद, मग वाळवणं, शेवटी साफसफाई. छतावरच्या सांध्यांचं जुनं, भेगाळलेलं सीलंट प्लास्टिकच्या खरवडणीने काढा आणि रबरी छतासाठीचं, आपोआप सपाट पसरणारं सीलंट भरा. डायकॉर कंपनीचं सर्रास मिळतं. बाथरूममधलं सिलिकॉन तिथे लावू नका. ते रबरी छताला नीट चिकटत नाही आणि त्याच्यावर पुन्हा दुसरं काही बसतही नाही. नारिंगी दिवे एकेक काढून मागचं गॅस्केट बदला. मग होस पाइपने दहा-दहा मिनिटं एका सांध्यावर पाणी सोडा आणि आत कोणीतरी टॉर्च घेऊन बसा. खालून सुरुवात करून वर जा, म्हणजे नेमकं कुठून येतंय ते कळेल.

वाळवायला डीह्युमिडिफायर, म्हणजे हवेतली ओल ओढून घेणारं यंत्र, लावा आणि आतली आर्द्रता ५० टक्क्यांच्या खाली येऊन तिथेच राहते का ते आठवडाभर बघा. बुरशी लागलेली जागा दहा चौरस फुटांहून लहान असेल तर मास्क, चष्मा, हातमोजे घालून स्वतः साफ करता येते. त्याहून मोठी असेल तर व्यावसायिक माणूस बोलवा, अमेरिकेच्या पर्यावरण खात्याचा सल्लाही तोच आहे. प्लास्टिक आणि काच धुतली की झालं. मऊ झालेलं लाकूड, प्लाय, इन्सुलेशन मात्र ब्लीच मारून पांढरं दिसेल इतकंच, बुरशी आत जिवंत राहते. ते कापून काढावं लागतं. नवा प्लाय घालाल तेव्हा त्याच्या गोंदातून सुटणारा, डोळ्यांना झोंबणारा फॉर्मल्डिहाइड वायू कमी सोडणारा, तसा शिक्का असलेला बघून घ्या. २००५ च्या कट्रीना वादळानंतर बेघर झालेल्यांना सरकारने जे ट्रेलर दिले, त्यांत लोकांचे डोळे चुरचुरायला लागले. २००७-०८ च्या हिवाळ्यात तिथली हवा तपासली तेव्हा फॉर्मल्डिहाइडचं प्रमाण अब्जात सरासरी ७७ भाग निघालं. तुमच्या गाडीतलं मूळ लाकूड इतक्या वर्षांत केव्हाच निवलंय. कुबट वास घालवायला आपण नव्या लाकडाबरोबर नवा त्रास घरात आणू नये.

गाद्यांचं तुम्हाला वेगळं सांगायला नको. सांगलीत मे महिन्यात, पावसाच्या आधी, आईने गच्चीवर गाद्या-रजयांना ऊन दाखवलेलं तुम्ही बघितलं असेलच. तेच इथे करा. खोळी काढून धुवा, फोम तीन-चार दिवस कडक उन्हात उलटापालटा करा, संध्याकाळी दव पडायच्या आत उचला. नंतर पिशवीची परीक्षा पुन्हा घ्या. तरीही वास आला तर फोम फेकायचा.

ओझोनच्या मशीनबद्दल नवऱ्याला माझ्याकडून स्पष्ट सांगा: नको. माणसाला सोसेल इतक्या प्रमाणात ओझोन वासाचं फारसं काही करू शकत नाही आणि वास मारण्याइतका सोडला तर तो फुप्फुसांना इजा करतो, दमा भडकवतो. शिवाय दारांची रबरं, वायरींची आवरणं आणि फोम त्याने कडक पडतात, म्हणजे पुढच्या गळतीची सोय आपणच करून ठेवायची. ओल्या फळीतली बुरशी तर जागच्या जागी राहते. तेच पैसे डीह्युमिडिफायरला घाला.

आणि आई येणार म्हणजे आत स्वयंपाक होणार, फोडणी होणार. तिला अडवू नका, दोन गोष्टी मात्र करा. शेगडीवरच्या पंख्याची बाहेरच्या बाजूला एक झडप असते आणि प्रवासात ती वाऱ्याने आपटू नये म्हणून तिला खिटी लावलेली असते. ती खिटी उघडल्याशिवाय पंखा नुसता घरघरतो, धूर आणि वाफ आतच फिरते. गॅस जळतानाही पाण्याची वाफ होतेच. भात आणि वरणाने खिडक्यांवर ओघळ आले की ती ओल पुन्हा गाद्यांत जाते. दुसरं, हिंगाची आणि लसणाची फोडणी, मासे, पापड हे बाहेर टेबलावर छोट्या शेगडीवर करा. आम्ही कायम तसंच केलं.

तुमच्या हातात सहा-सात आठवडे आहेत. पहिल्या रविवारी यंत्राने ओल मोजा. पलंगाचा एखादा कोपरा तेवढा मऊ निघाला तर फळी बदलून, सील करून गाडी ठेवा. दोन भिंती आणि छत मऊ निघालं तर त्यात आणखी पैसे घालू नका. जे आहे ते घेणाऱ्याला सगळं उघड दाखवून विका, सुवास न मारता. मधलं काही निघालं, म्हणजे दुरुस्ती शक्य आहे पण जूनपर्यंत होणार नाही, तर आई-बाबांना साध्या कारने न्या आणि रात्री मोटेलमध्ये किंवा केबिनमध्ये राहा. मोटरहोम पुढच्या वर्षी होईल. तुमच्याकडून यलोस्टोन सतराशेहून जास्त मैल आहे. तितके दिवस कुबट हवेत झोपणं बाबांना मी सांगणार नाही.

गाडी कोरडी झाली असं वाटलं की ते यायच्या आधी तुम्ही दोघं तिच्यात दोन रात्री खिडक्या लावून झोपा, हीटरही लावा. सकाळी नाक चोंदलं, घसा खवखवला, डोळे चुरचुरले तर काम अजून बाकी आहे. बाबांच्या डॉक्टरांशीही आधी बोलून घ्या, कारण यलोस्टोनचं तळं साधारण ७,७०० फुटांवर आहे आणि तिथली हवा विरळ. शिवाय मड व्हॉल्केनोसारख्या ठिकाणी जमिनीतूनच गंधकाची वाफ निघते, तोच सडक्या अंड्यांचा वास. तिथे बाबांना लांबूनच दाखवा, वारा जिकडून येतोय त्या बाजूला उभं करा आणि इन्हेलर त्यांच्या खिशात असू द्या, गाडीत नको. पार्कच्या आत पाणी, वीज आणि सांडपाणी अशा तिन्ही जोडण्या असलेली जागा फक्त फिशिंग ब्रिजच्या आरव्ही पार्कमध्ये आहे आणि ती फार आधी भरते, तेव्हा बुकिंगचं आजच बघा.

आणि ओल मोजून झाली की आकडे मला कळवा, विशेषतः पलंगाच्या उजव्या आणि डाव्या कोपऱ्याचे. ते बघून फळी किती कापायची ते सांगते.